दार लावून घेतल्यावर

गेल्या उन्हाळ्यात, ईस्टरचा सण होऊन दोन-तीन आठवडे झाले असतील, आमच्या धर्मग्रामातील एक जोडपे संध्याकाळच्या मिस्सानंतर मला भेटावयास आले. त्यांच्या लग्नाला चौदा वर्षे झाली होती. नवरा मुंबईला नोकरीस आहे. पहाटेची लोकल पकडावयाची आणि रात्री नऊच्या पुढे घरी परतावयाचे हा त्याचा नित्यक्रम. बायको पूर्वी बालवाडीत शिकवीत असे. दोन वर्षांपूर्वी सासूबाईंना अर्धांगवायूचा झटका आला, त्या अंथरुणाला खिळल्या आणि हिने नोकरी सोडली.

नवऱ्याच्या एका सहकाऱ्याने जव्हारच्या बाजूला डोंगरउतारावर स्वतःच्या जमिनीत एक छोटेसे लाकडी घर बांधले आहे. घर कसले, बारा फूट लांब आणि दहा फूट रुंद अशी एक खोलीच! विजेची तार तेथवर पोहोचलेली नाही, फोनला रेंज नाही, नळ नाही. छपरावर सूर्यप्रकाशावर वीज करणारा एक पत्रा, एक बॅटरी, एक पंखा, दोन दिवे आणि बाहेर पाण्याचे पिंप, एवढाच सरंजाम. लग्नाच्या वाढदिवसानिमित्त दोन दिवस तेथे राहावे असा या दोघांचा बेत होता. शनिवारी सकाळी जीप त्यांना तेथे सोडणार आणि रविवारी संध्याकाळी परत आणणार. मध्यंतरी कोठे जाण्यायेण्याची सोय नाही. म्हणून त्यांनी विचारले, "फादर, रविवारची मिस्सा चुकेल. ते पाप होईल का?"

मी त्यांना दोन वाक्ये ऐकवली. पहिले दोघांना उद्देशून होते: "रविवारची मिस्सा चुकवून कसली आली आहे विश्रांती?" दुसरे तिच्याकडे पाहून उच्चारले: "आणि आईंचे काय?" ती हळूच म्हणाली, "नणंद येऊन राहणार आहे, फादर." मग दोघेही "येतो" म्हणून निघून गेली.

ती दोघे त्या शनिवारी गेलीच. महिनाभराने एका संध्याकाळी पुन्हा आली आणि चर्चच्या आवारातील बाकावर बसून त्यांनी मला त्या दोन दिवसांची हकीगत सांगितली. हे पापनिवेदन नव्हते. ही हकीगत मी येथे लिहितो आहे ती त्यांच्या अनुमतीने. त्यांची ओळख पटू नये म्हणून एक-दोन तपशील तेवढे बदलले आहेत.

वाचकहो, अशा सहलींची थट्टा करणे सोपे आहे. मी स्वतः प्रवचनातून ती केली आहे. आपल्या वसईच्या वाडीत आजोबा-पणजोबा पिकाच्या राखणीसाठी शेतातल्या खोपीत रात्री काढीत. उशाशी कंदील, पिण्याला विहिरीचे किंवा बावखलाचे पाणी, सोबतीला डास. त्याला कोणी विश्रांती म्हटले नाही. त्यांच्या नातवंडांनी मात्र वीज नसलेल्या खोलीत राहण्याकरिता रजा काढावी, जीप ठरवावी, याची गंमत वाटणे साहजिक आहे. परंतु थट्टेने प्रश्न सुटत नाही. माणसाने आपल्या कर्तव्याच्या जागेपासून, आजारी आईपासून, मुलांपासून, धर्मग्रामापासून दोन दिवस दूर जावे काय? गेलाच, तर ते पलायन कधी ठरते आणि विसावा कधी? हा नीतीचा प्रश्न आहे आणि मी तो दोन वाक्यांत झटकून टाकला होता.

त्यांची पहिली संध्याकाळ अवघड गेली. ऊन उतरले, चहा झाला आणि बोलण्यासारखे काही उरले नाही. मुलांच्या शिकवणीची फी, आईंच्या गोळ्या, कर्जाचा हप्ता, हे विषय अर्ध्या तासात संपले. नवरा मधूनमधून खिशातला फोन काढी, रेंज नाही असे पाही आणि पुन्हा खिशात ठेवी. उकाडा असल्यामुळे त्याने सहा वाजताच पंखा लावला होता.

मालकाने निघताना बजावले होते की पंखा सांभाळून वापरा. त्यामागे साधा हिशेब आहे. बारा व्होल्टची, शंभर अँपिअर-अवरची बॅटरी कागदावर १२०० वॅट-तास वीज साठवते. परंतु मोटारीत असते तशा शिसे-आम्लाच्या बॅटरीतून निम्म्याहून अधिक वीज काढू नये, नाहीतर ती लवकर निकामी होते. म्हणजे हाती उरले ६०० वॅट-तास. छताचा साधा पंखा ७५ वॅट खातो. म्हणजे तो आठ तास चालेल, आणि तोही दिवे न लावता. घरी आपण असा हिशेब कधीच करीत नाही. बटण दाबले की वीज येते, महिन्याने बिल येते, त्यापलीकडे ती कोठून येते आणि कोणाच्या वाट्याची येते हे आपल्याला ठाऊक नसते. त्या खोलीत रात्री एकच्या सुमारास पंखा थांबला आणि दिवाही गेला.

अंधारात दोघेही जागे झाले. तो चिडून म्हणाला, "आईकडे फोन तरी लागायला हवा होता. तिला रात्री काही झाले तर?" आणि दोन वर्षे जे तिच्या तोंडून बाहेर पडले नव्हते ते त्या अंधारात बाहेर पडले. ती म्हणाली की, तुमच्या आईला रात्री काय होते हे तुम्हाला आज आठवले. रात्री दोनदा कूस बदलावी लागते, एकदा कपडे बदलावे लागतात, तेव्हा तुम्ही भिंतीकडे तोंड करून झोपलेले असता. येणारा प्रत्येक जण विचारतो, आई कशा आहेत. दोन वर्षांत मी कशी आहे हे मला एकानेही विचारले नाही. फादरांनीसुद्धा नाही.

हे सांगताना ती माझ्याकडे पाहत नव्हती. मला मात्र बाकावरून उठून जावेसे वाटले. "आईंचे काय?" हा प्रश्न मी मुलाला न विचारता सुनेला विचारला होता. का विचारला असेन? आईची सेवा ही सुनेची जबाबदारी असे आज्ञांमध्ये कोठेही लिहिलेले नाही. आईवडिलांचा मान राखावा ही चौथी आज्ञा प्रथम लेकरांना उद्देशून आहे. सेमिनरीत मी नीतिशास्त्राचा अभ्यास केला आहे. तरीही नजर वळली ती सवयीने, तिच्याकडेच.

नवरा पुढे म्हणाला, "फादर, घरी असतो तर मी उठून दुसऱ्या खोलीत गेलो असतो. तिथे दुसरी खोलीच नव्हती." बाहेर काळोख आणि आत बारा बाय दहा. तो बसून राहिला आणि ऐकत राहिला.

त्यांचे बोलणे ऐकताना मला एका जगप्रसिद्ध खोलीची आठवण झाली. आपल्या चंदीगड शहराची आखणी करणारे वास्तुशिल्पी ल कॉर्ब्युझिए यांनी १९५२ साली फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर, रोकब्रून-काप-मार्तां येथे समुद्राकाठी एक लाकडी झोपडी उभारली. प्रत्येक बाजू ३.६६ मीटर, म्हणजे बारा फूट. उंची अवघी २.२६ मीटर. पत्नी इव्होन हिच्या वाढदिवसाची ही भेट होती. त्यांच्या सांगण्याप्रमाणे तिचा आराखडा त्यांनी पाऊण तासात काढला. आत स्वयंपाकघर नाही. शेजारच्या खानावळीत उघडणारे एक दार आहे. अवाढव्य इमारती बांधणारा माणूस आपल्या सुट्टीसाठी बारा फुटांत मावत होता. २०१६ साली युनेस्कोने त्यांच्या निवडक वास्तू जागतिक वारशाच्या यादीत घेतल्या, तेव्हा चंदीगडच्या कॅपिटॉल संकुलाबरोबर ही झोपडीही त्या यादीत आली.

या कल्पनेचे एक मूळ मठात आहे. १९०७ साली, तरुण वयात, त्यांनी इटलीतील फ्लॉरेन्सजवळचा कार्थुसियन मठ पाहिला होता आणि तेथील एकेका संन्याशाचे छोटे घर व त्याची बाग त्यांच्या मनावर कायमची ठसली. पुढे रोन्शां येथील चॅपेल आणि लियाँजवळ डॉमिनिकन संघासाठी ला तूरेत हा मठ त्यांनीच बांधला. तेथील संन्याशांच्या खोल्यांची रुंदी १.८३ मीटर आहे, म्हणजे सहा फूट.

पण माझे मन रेंगाळते ते या कथेतील एका लहानशा तपशिलावर. पत्नीला भेट दिलेल्या त्या झोपडीजवळच थोड्याच काळात त्यांनी स्वतःच्या कामासाठी आणखी एक टपरी उभी केली. सुट्टीतही ते तेथे जाऊन काम करीत. एका थोर कलावंताच्या संसाराचा न्याय मी करू इच्छीत नाही. इव्होन १९५७ साली वारली. १९६५ च्या ऑगस्टमध्ये त्याच समुद्रात पोहताना त्यांना मृत्यू आला आणि दोघे आज तेथेच एका थडग्यात विसावली आहेत. परंतु त्या दुसऱ्या टपरीत मला आपण सारे पुरुष दिसतो. बारा फुटांची खोली जवळीक देते, आणि जवळीक नकोशी झाली की आपण बाजूला आणखी एक टपरी बांधतो. कोणाची टपरी कचेरी असते, कोणाची फोन, कोणाची क्लब किंवा मंडळ. धर्मगुरूचीही असते: सभा, समित्या, कागदपत्रे. तेथे आपल्याला कोणी विचारत नाही की रात्री कूस कोण बदलते.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. पहाटे पाच वाजता तिला बाहेर पावलांचा आवाज आला. पाड्यावरची एक बाई डोक्यावर दोन हंडे घेऊन आली, पिंपात रिकामे करून पुन्हा उतरणीला लागली. थोड्या वेळाने ती परत आली. तेव्हा हिच्या ध्यानात आले की आदल्या दिवशी आपण ज्या पाण्याने दोनदा स्नान केले, भांडी विसळली, पाय धुतले, ते पाणी या बाईने डोक्यावरून आणले होते. २०० लिटरचे पिंप भरायचे तर पंधरा लिटरचे दोन हंडे धरून सात खेपा होतात. शहरांतील पाणीपुरवठ्याची आखणी करताना माणशी रोज १३५ लिटर पाणी धरतात. त्या मापाने दोघांना दोन दिवसांत ५४० लिटर लागले असते, म्हणजे अठरा खेपा! जव्हार-मोखाड्याच्या डोंगरांवर पावसाळ्यात धो धो पाऊस पडतो, पण उतारावरून तो वाहून जातो आणि एप्रिल-मे महिन्यांत तेथील बायका हंडे घेऊन पाण्यासाठी पायपीट करतात.

म्हणजे ती खोली जगापासून तुटलेली नव्हतीच. तार नव्हती, नळ नव्हता, परंतु त्यांची जागा एका बाईच्या मानेने भरून काढली होती. मालक तिला पैसे देतो. ते तिला हवेही आहेत. त्यात लबाडी नाही. तरीही आपला विसावा कोणाच्या तरी डोक्यावरून येतो हे एकदा डोळ्यांनी पाहिले की ते न पाहिल्यासारखे करता येत नाही. ही तिच्याबरोबर विहिरीवर गेली. हिला एक हंडा कमरेवर पेलेना, ते पाहून ती बाई खूप हसली. परतताना हिने विचारले, तुम्हाला विसावा कधी मिळतो? ती म्हणाली, पाऊस लागला की पाण्याला सुट्टी. पण तेव्हा भाताची लावणी असते.

परतल्यावर दोघांनी पायरीवर बसून प्रार्थना केली. मोठ्याने, एकत्र, दोघांनीच. चौदा वर्षांत प्रथमच, असे तो म्हणाला. मुलांबरोबर रोझरी होत असे, पण केवळ दोघांची प्रार्थना कधी झाली नव्हती. मला तोबीतच्या ग्रंथातील तोबियास आणि सारा आठवली. साराचे सात नवरे लग्नाच्या रात्रीच मरण पावले होते. त्या भयाने भरलेल्या खोलीचे दार लागल्यावर या दोघांनी पहिले काम केले ते प्रार्थनेचे. खोलीचे दार लावून घ्यावे आणि गुप्तपणे पाहणाऱ्या पित्याशी बोलावे असे प्रभू येशूनेही शिकवले आहे. दोघांनी मिळून लावलेले दारही त्यात बसते असे मला वाटते.

आता मिस्साच्या प्रश्नाकडे येतो, कारण तो सोडून दिला तर मी माझ्या वाचकांशी प्रामाणिक राहणार नाही. पायरीवरची ती प्रार्थना मिस्साची जागा घेऊ शकत नाही. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९८ साली रविवारविषयी लिहिलेल्या 'दिएस दोमिनी' या पत्रात प्रभूचा दिवस आणि आठवड्याअखेरची सुट्टी यांची गल्लत करू नये असे बजावले होते, आणि ते योग्यच आहे. परंतु १९८३ च्या कॅनन लॉमध्ये, म्हणजे ख्रिस्तसभेच्या विधिसंहितेत, आणखीही काही आहे. आदल्या संध्याकाळच्या मिस्सानेही रविवारचे कर्तव्य पूर्ण होते. शिवाय योग्य कारण असेल तर, बिशपांनी घालून दिलेल्या नियमांनुसार, प्रमुख धर्मगुरू एखाद्या व्यक्तीला त्या दिवसापुरती सूट देऊ शकतो किंवा त्याऐवजी दुसरे धर्मकृत्य सांगू शकतो. म्हणजे जे दार ते जोडपे ठोठावीत होते, त्याची किल्ली माझ्याच खिशात होती. शनिवारी संध्याकाळी निघून रविवारी रात्री परता येईल का, हे मी विचारू शकलो असतो. ते जमत नसते तर कारण समजून घेऊन सूट देऊ शकलो असतो. मी काहीच विचारले नाही. मला नियम पाठ होता. त्यात ठेवलेली दया मला त्या संध्याकाळी आठवली नाही.

तिसरी आज्ञाही आपण अर्धीच पाठ करतो. निर्गमच्या ग्रंथात विसाव्याच्या दिवसाची आज्ञा देताना परमेश्वर विसावा कोणाकोणाला मिळावा याची यादी देतो: तू, तुझा मुलगा, तुझी मुलगी, तुझा दास, तुझी दासी, तुझी गुरे आणि तुझ्या वेशीच्या आत राहणारा परका. अनुवादच्या ग्रंथात कारणही दिले आहे: तू स्वतः मिसर देशात दास होतास, हे विसरू नकोस. या यादीत पत्नीचा वेगळा उल्लेख नाही. तिला 'तू' या शब्दातच धरलेले आहे, असा अर्थ लावला जातो. आपल्या घरांत मात्र ती त्या 'तू'मध्येही नसते आणि दासीमध्येही नसते. ती यादीतून निसटते. रविवारी आपण मिस्साला जातो, परततो, आणि मटणाच्या जेवणाची वाट पाहत बैठकीत बसतो. ते जेवण ज्या हातांनी होते त्या हातांचा रविवार कोणत्या वारी येतो? आणि ज्या पाण्याने ते शिजते, ते आणणाऱ्या बाईचा?

म्हणून त्या जोडप्याने विचारलेला प्रश्न आता मला वेगळा वाटतो. दूर जावे की न जावे हा त्याचा अर्धाच भाग. आपल्या विसाव्याचे ओझे आपण कोणाच्या डोक्यावर ठेवले आहे, आणि परतल्यावर त्यातले काही आपल्या खांद्यावर घेणार आहोत का, हा उरलेला अर्धा. मार्कच्या शुभवर्तमानात प्रभू थकलेल्या शिष्यांना एकांतस्थळी चलण्यास आणि थोडा विसावा घेण्यास सांगतो. त्यांना जेवायलाही सवड मिळत नव्हती. ते होडीने निघतात, पण लोक किनाऱ्याने धावत त्यांच्याआधी तेथे पोहोचतात. होडीतून उतरल्यावर प्रभूला त्यांचा कळवळा येतो. विसाव्याचे आमंत्रण खरे होते आणि तो कळवळाही खरा होता. कार्थुसियन संन्यासी १०८४ सालापासून, संत ब्रुनोच्या काळापासून, आपापल्या खोलीत एकांतात राहतात; परंतु उपासनेला ते एकत्र येतात, रविवारी एकत्र जेवतात आणि आठवड्यातून एकदा बरोबर फिरायला जातात. त्यांच्याही खोलीला भावांकडे उघडणारे दार आहे.

त्या घरात मोठे काही बदललेले नाही. आई अंथरुणावरच आहेत. नवऱ्याला पहाटेची लोकल चुकत नाही. परंतु आठवड्यातील तीन रात्री आईची कूस तो बदलतो, आणि महिन्यातील एक शनिवार नणंद येऊन राहते. तो सांगत होता, पहिल्या रात्री आईला फार संकोच वाटला. मुलाने कपडे बदलावेत हे त्यांना नको होते. मग त्या म्हणाल्या, लहानपणी तुझे मी बदलले होते, आणि दोघेही हसली.

आमच्या धर्मग्रामात आता काही तरुण मंडळी आणि निवृत्त शिक्षिका आळीपाळीने आजाऱ्यांच्या घरी दुपारचे तीन तास बसतात, म्हणजे त्या घरातील सेवा करणाऱ्या व्यक्तीला बाहेर पडता येते. कोणी डॉक्टरकडे जाते, कोणी माहेरी, कोणी नुसतीच समुद्रावर जाऊन बसते. कोठे गेलात असे आम्ही विचारत नाही. आजाऱ्यांना कम्युनियन देण्यासाठी मी महिन्यातून एकदा घरोघरी जातो. त्या घरी गेलो की आता आधी स्वयंपाकघराच्या दाराशी थांबतो आणि तिला विचारतो, "तू कशी आहेस?" पहिल्यांदा विचारले तेव्हा ती म्हणाली, "आई बऱ्या आहेत, फादर." मी पुन्हा विचारले.